चौथं स्तोत्र साध्या मराठीत: वेगळं काढलेला माणूस आणि त्याची हाक

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं चौथं स्तोत्र, दावीद राजाच्या नावाने असलेलं, एकदम छोटं आहे, आठ वचनांचं, दोन मिनिटांत वाचून होतं. त्यातलं तिसरं वचन बऱ्याच जणांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला असतं, माझ्याही होतं कित्येक दिवस. आपल्या बोलीत सांगायचं तर त्यात दोन गोष्टी एका दमात म्हटल्यात, की परमेश्वराने भक्ताला स्वतःसाठी वेगळं काढलंय हे समजून घ्या, आणि मी त्याला हाक मारली की तो ऐकतो. वाचायला सोपं आहे. पण मला वाटतं आपण ह्या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा चुकीच्या समजतो. पहिलीचा अर्थ घेतो की आपण स्पेशल आणि बाकीचे असेच, दुसरीचा अर्थ घेतो की मागितलं की मिळणारच. हे दोन्ही अर्थ धरून मी बरीच वर्षं चाललो आणि पप्पांच्या आजारपणात दोन्ही हातातून निसटले. ते पुढे सांगतो, आधी शब्द नीट बघू, कारण शब्दांतच बरंच काही आहे.

मराठी माणसाच्या कानाला ‘देवासाठी वेगळं काढलेला’ हे तसं सरळ लागत नाही. माणसाला देवासाठी वेगळं काढायची एक जुनी पद्धत आपल्याकडे होती आणि तिचा शब्द होता ‘सोडणं’. खंडोबाला मुरळी सोडायचे, यल्लम्माला जोगतीण सोडायचे. लहान लहान मुली, कधी नवस फेडायला, कधी केसात जट आली म्हणून. त्या पोरीला कुणी विचारायचं नाही. तिचं लग्न नाही, घर नाही, आणि पुढे तिचं काय झालं हे सगळ्या गावाला माहीत असायचं पण बोलायचं कुणी नाही. 1934 साली मुंबई प्रांतात ह्याच्या विरोधात कायदा झाला, आणि तरी महाराष्ट्राला 2005 मध्ये परत नवा कायदा करावा लागला, म्हणजे सत्तर वर्षांनीसुद्धा ते थांबलं नव्हतं. हे मी कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवायला सांगत नाहीये. सांगतोय कारण ‘देवाचा केला’ म्हटलं की आपल्या भाषेच्या पोटात ही जखम आहे आणि बायबलचं हे वचन त्याच भाषेत आपल्यापर्यंत येतं. वळूसुद्धा आपण देवाला सोडतो ना. तो गावभर फिरतो, कुणाच्याही पिकात तोंड घालतो, पण संध्याकाळी त्याला बांधायला दावं कुणाचंच नसतं.

‘सोडण्यात’ ठरवतं कोण, तर माणसं. देवाकडून काहीतरी हवं असतं किंवा फेडायचं असतं म्हणून ठरवतात. आणि सोडल्यावर त्या जिवाची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

चौथ्या स्तोत्रात हे सगळं उलटं आहे. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा शनिवारच्या अभ्यासाला फळ्यावर मूळ हिब्रू शब्द लिहून दाखवले होते आणि मला ते अजून तसेच आठवतात. क्रियापद आहे ‘हिफ्ला’, म्हणजे वेगळं केलं, फरक केला, आणि त्याचा कर्ता माणूस नाही, परमेश्वर आहे. मग शेवटी एक टीचभर शब्द येतो, ‘लो’, म्हणजे ‘स्वतःसाठी’. सगळं वजन त्या ‘लो’वर आहे. कुणीतरी कुणालातरी देवाच्या नावाने सोडून दिलेलं नाही, देवाने स्वतः हात घालून एकाला आपल्याजवळ घेतलंय. मराठीत ह्याला सोडणं म्हणताच येणार नाही, ह्याला राखणं म्हणावं लागेल.

राखणं म्हटलं की मला आमची आजी आठवते. आमच्याकडे नगर जिल्ह्यात ज्वारी, मालदांडी. काढणीच्या वेळी आजी सगळ्यांच्या आधी वावरात जायची आणि टपोरी भरलेली कणसं बघून बघून वेगळी काढायची, ती खळ्यावर जायचीच नाहीत. त्यातले दाणे राख लावून, कडुनिंबाचा पाला घालून उतरंडीच्या मडक्यात ठेवायचे. घरात कितीही ओढ असली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. मला लहानपणी वाटायचं की आजीला ती कणसं सगळ्यात आवडतात म्हणून ठेवते. खरं तर ती ठेवायची पुढच्या पेरणीसाठी. म्हणजे बाकीची ज्वारी घरात भाकरी होऊन संपायची आणि ही राखलेली परत मातीत जायची, ज्यातून सगळ्यांची पुढच्या वर्षीची भाकरी यायची. वेगळं काढलेल्याचं काम बाकीच्यांसाठीच असतं हे मला चर्चमध्ये कळलं नाही, त्या मडक्यामुळे कळलं. अब्राहामाला देव बोलावतो तेव्हाही तसंच आहे बघा, तुला आशीर्वाद देईन म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. पहिलं वाक्य आपण पाठ करतो, दुसरं राहून जातं.

(एक छोटी गोष्ट जाता जाता, कारण काही जण वेगवेगळी भाषांतरं शेजारी ठेवून वाचतात आणि गोंधळतात. काही भाषांतरांत इथे ‘वेगळं काढलं’ च्या जागी ‘अद्भुत कृपा केली’ असं येतं. त्याचं कारण असं की हिब्रूत ‘वेगळं करणं’ आणि ‘अद्भुत करणं’ ही दोन क्रियापदं दिसायला अगदी जवळची आहेत, एका अक्षराचा फरक, आणि जुन्या ग्रीक भाषांतरकारांनी ‘अद्भुत’ असं वाचलं. चूकबरोबर ह्यात पडायला नको, दोन्हीत करणारा देवच आहे.)

आता हेच ‘वेगळं करणं’ बायबलमध्ये आधी कुठे आलंय ते बघितलं तर अर्थ एकदम उघडतो. निर्गमच्या पुस्तकात, मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, पीडा येतात तिथे. तिथला राजा फारो इस्राएल लोकांना सोडत नाही, माश्यांचे थवे येतात, आणि परमेश्वर म्हणतो की हे लोक राहतात तो गोशेन प्रांत मी वेगळा करीन, तिथे माशा येणार नाहीत. मग गुरांवर रोग येतो, तिथे पुन्हा तेच क्रियापद, इस्राएलाची गुरं आणि मिसऱ्यांची गुरं ह्यांत फरक केला जाईल. आणि मग त्या शेवटच्या भयंकर रात्रीबद्दल सांगताना म्हटलंय की इस्राएलाच्या कुणावर कुत्रंसुद्धा भुंकणार नाही. तेही तेच क्रियापद. पण ही माणसं होती कोण, तर विटा पाडणारे गुलाम. काही मोठं पुण्य केलं होतं म्हणून त्यांना वेगळं काढलं असं कुठेही लिहिलेलं नाही, त्यांनी आक्रोश केला आणि तो वर पोचला एवढंच लिहिलंय.

आणि मग निर्गमचा तेहेतिसावा अध्याय, मला तर हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तोवर ह्या लोकांनी सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढे नाच केलेला आहे, म्हणजे ‘आम्ही चांगले म्हणून वेगळे’ असं म्हणायला तोंडच राहिलेलं नाही. तिथे त्यांचा पुढारी मोशे देवाला सरळ म्हणतो की तू आमच्याबरोबर आलास तरच आम्ही वेगळे, नाहीतर आमच्यात आणि पृथ्वीवरच्या बाकी लोकांत फरक तो काय? पुन्हा तेच क्रियापद. म्हणजे वेगळेपण त्या लोकांच्या अंगात कुठेच नाहीये, बरोबर कोण चाललंय त्यात आहे. बरोबर चालणारा निघून गेला तर वेगळेपण संपलं. मला हे कळलं तेव्हा खरं सांगतो हलकं वाटलं, कारण तोपर्यंत वेगळेपण टिकवायची सगळी जबाबदारी माझीच आहे असं समजून मी चाललो होतो, सिनेमा नाही, अमुक मित्र नाही, तमुक ठिकाणी जेवायचं नाही, आणि तरी आतून भीती की आज काहीतरी चुकलं असेल आणि देवाने आपलं नाव खोडलं असेल.

मग ‘भक्त’ कोण? आपल्या मराठी बायबलात भक्तिमान म्हटलंय, मूळ शब्द ‘हासीद’. हा शब्द ‘हेसेद’ ह्या दुसऱ्या शब्दावरून येतो आणि हेसेद म्हणजे काय हे एका मराठी शब्दात बसत नाही. दया, कृपा, प्रेम, आणि त्यात दिलेला शब्द न मोडणं हे सगळं मिळून हेसेद. जुन्या करारात तो सुमारे अडीचशे वेळा येतो. 136 व्या स्तोत्रात तर सव्वीस वचनं आहेत आणि सव्वीसही वचनांच्या शेवटी हेच, त्याची दया सनातन आहे. आता हासीद शब्दाची घडण बघा. हिब्रूत ह्या साच्यातले बरेच शब्द ‘ज्याच्यावर ते झालंय तो’ अशा अर्थाचे असतात, मशीहा म्हणजे ज्याचा अभिषेक झालाय तो, असीर म्हणजे ज्याला बांधलंय तो. त्याच साच्यात हासीद बघितला तर ज्याच्यावर हेसेद झालंय तो. अर्थात दुसऱ्यावर हेसेद करणारा हाही अर्थ त्यात आहे, आणि अभ्यासक दोन्ही सांगतात, मला दोन्ही बरोबर वाटतात पण क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी मिळालंय, मग हातून जातंय. आपल्याकडे जुनं म्हणणं आहेच की जो विभक्त नाही तो भक्त.

इथे मला केडगावची आठवण काढायचीच आहे. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, त्यात बालविधवा होत्या, अनाथ होत्या, घरच्यांनी टाकलेल्या होत्या. अक्षरशः सोडलेल्या. आणि रमाबाई तिथे बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, का, तर साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत बायबल करायचं म्हणून. वर्षानुवर्षं ते काम चाललं, 1922 ला त्या वारल्या तोवर. आणि ते बायबल छापलं कुठे तर मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवणाऱ्या बायका तिथल्याच. जिला गावाने टाकून दिलं तिच्या बोटांनी ‘परमेश्वराने स्वतःसाठी वेगळं काढलं’ हे वचन खिळ्याखिळ्याने जुळवलं असेल, मी ह्यावर खूप वेळा विचार केलाय आणि दर वेळी गळा दाटतो.

आता वचनाचा दुसरा अर्धा भाग, ‘तो ऐकतो’. इथे मराठी आपल्याला एका ठिकाणी फसवते. मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे कानाने ऐकणं आणि ‘ऐकणं’ म्हणजे सांगितलं तसं करणं, दोन्हीला एकच शब्द. पोरगं ऐकत नाही म्हणजे बहिरं नाहीये ते, सांगितलेलं करत नाही. साहेब माझं ऐकतात म्हणजे माझ्या शब्दाला तिथे वजन आहे. मग ‘देव माझं ऐकतो’ म्हटलं की नकळत अर्थ सरकतो, आणि देव माझ्या सांगण्यातला होतो. हिब्रूच्या ‘शमा’ शब्दातही हे दोन्ही अर्थ आहेत, ‘हे इस्राएला, ऐक’ म्हणतात तेव्हा त्यात आज्ञा पाळ हेही येतं. पण ह्या वचनात एक बारीक गोष्ट आहे. ‘मी हाक मारतो तेव्हा परमेश्वर ऐकतो’, एवढंच. काय ऐकतो ते दिलेलंच नाही. माझी मागणी ऐकतो असं नाही, माझं म्हणणं मान्य करतो असंही नाही. हाक मारतो, ऐकतो, मधे काही नाही.

आणि ह्या ऐकणाऱ्या देवाचं पहिलं नाव बायबलमध्ये कुणाच्या पदरात पडतं माहितीये? इश्माएल, म्हणजे ‘देव ऐकतो’. हे नाव दावीदाच्या घराण्यातलं नाही, निवडलेल्या वंशातलंही नाही. हागार, मिसरी दासी, पोटात मूल, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली, एका झऱ्यापाशी बसलेली. तिथे देवदूत तिला सांगतो की मुलाचं नाव इश्माएल ठेव कारण परमेश्वराने तुझं दुःख ऐकलंय. उत्पत्तीचा सोळावा अध्याय, काढून बघा. तिने प्रार्थना केली असंसुद्धा तिथे लिहिलेलं नाही! दुःखच ऐकलं. त्यामुळे ‘आम्ही निवडलेले म्हणून फक्त आमचंच ऐकतो’ असं जे कुणी म्हणत असेल त्याने आधी हागारेची गोष्ट वाचावी, मीही असं म्हणायचो, मलाही ती उशिरा भेटली.

मग चौथ्या स्तोत्रात ‘वेगळं काढलंय’ आणि ‘ऐकतो’ ह्यांचा संबंध काय? माझ्या समजुतीने असा, की पहिलं हे दुसऱ्याचं कारण आहे. प्रार्थना ऐकली जाईल ह्याची खात्री मला कशावरून? माझी प्रार्थना लांब होती म्हणून, उपास कडक केला म्हणून, अमुक माणसाने हात ठेवला म्हणून? दावीद ह्यातलं काहीच पुढे करत नाही. तो म्हणतो मी त्याचा आहे, म्हणून.

हे मला समजलं एका हॉस्पिटलच्या वॉर्डात. पप्पा आजारी पडले तेव्हा आम्ही एकवीस दिवस उपास-प्रार्थना धरली, घरचे, नातेवाईक, मंडळीतले, रोज रात्री नऊ वाजता सगळे आपापल्या घरी गुडघ्यावर. तिसरं वचन तेव्हाच मी स्टेटसला ठेवलेलं. वॉर्ड मोठा, पुष्कळ खाटा, रात्री नातेवाइकांना आत थांबू देत नव्हते म्हणून आई बाहेर व्हरांड्यात चटई टाकून झोपायची आणि मी भिंतीला टेकून बसायचो. आत रात्रभर कुणी ना कुणी खोकायचं. आई दिवसभराची दमलेली, गाढ झोपलेली असायची, पण पप्पांनी खोकलं की ती उठून बसायची. बाकी कुणाच्याही खोकल्याने नाही. मी एकदा विचारलं तुला झोपेत कसं कळतं गं, तर ती म्हणाली, अरे त्यांचाच आहे ना तो. एवढंच. त्या खोकल्यात काही मागणं नव्हतं, तो मोठा नव्हता, सुंदर तर नव्हताच, आणि तिला तो ऐकू यायचा कारण माणूस तिचा होता.

पप्पा गेले. एकोणिसाव्या दिवशी.

इथे माझी उपमा तोकडी पडते हे मला माहितीये. आई त्यांना बरं करू शकत नव्हती, देव करू शकत होता. ही गोष्ट मी कुठल्याही सुंदर वाक्याखाली झाकणार नाही. आणि त्यावर कडी म्हणजे अंत्यविधीनंतर एका ओळखीच्या भावाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल, घरात काही पाप असेल तर बघा. माझ्या आईला हे कळू नये म्हणून मी आठ दिवस धडपडत होतो. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे बोलणं मनाला लावून घेऊ नका, कारण बायबल असं बोलत नाही.

ज्या दावीदाच्या नावाने हे स्तोत्र आहे त्याचीच गोष्ट घ्या. त्याचं बाळ आजारी पडलं, दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात आहे, तो जमिनीवर पडून राहिला, जेवला नाही, विनवण्या केल्या, आणि सातव्या दिवशी बाळ गेलं. प्रेषित पौलाने देवाला आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. आणि ह्या सगळ्याच्या पुढे गेथशेमाने, येशूला धरलं त्या रात्रीची जागा. येशू तिथे म्हणतो हा प्याला माझ्यापासून टळू दे, तो टळला नाही, दुसऱ्या दिवशी वधस्तंभ. ह्याला आपण काय म्हणू, प्रार्थना ऐकली नाही? पण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चक्क लिहिलंय की त्याने मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत, मरणातून सोडवायला जो समर्थ त्याच्याकडे विनंत्या केल्या आणि त्याचं ऐकण्यात आलं. ऐकण्यात आलं! मेला तरी. मी हे वचन आधी शंभर वेळा वाचलं असेल, पण पप्पा गेल्यावर पहिल्यांदा दिसलं. देवाने सगळ्यात जास्त ज्याला वेगळं काढलं त्याच्या बाबतीत ‘ऐकलं’ ह्याचा अर्थ ‘मरण टळलं’ असा झाला नाही, मरणाच्या पलीकडे तिसऱ्या दिवशी उठवलं असा झाला, मग माझ्या घरात ‘टळलं नाही म्हणजे ऐकलंच नाही’ हे मी कुठल्या तोंडाने म्हणू. ह्याने दुःख कमी होत नाही. पण त्या भावाने जे सांगितलं ते खोटं आहे एवढं मात्र ह्याने कळतं.

आता हे सगळं मनात ठेवून पूर्ण स्तोत्र एकदा पहिल्यापासून बघू, कारण तिसरं वचन एकटं काढून स्टेटसला लावलं की ते कुठे उभं आहे हेच दिसत नाही. मथळ्यात म्हटलंय की हे तंतुवाद्यांच्या साथीने गायचं. आधीच्या तिसऱ्या स्तोत्राच्या मथळ्यात तर स्पष्टच आहे की दावीद स्वतःच्या मुलाला, अबशालोमाला भिऊन पळाला तेव्हाचं ते. चौथ्याच्या मथळ्यात प्रसंग दिलेला नाही, पण तिसऱ्यात ‘मी झोपलो आणि जागा झालो’ आणि चौथ्यात ‘मी पडताच झोपी जातो’, म्हणून पुष्कळ जण ही दोन स्तोत्रं जोडीने वाचतात, एक सकाळचं, एक रात्रीचं.

पहिल्या वचनात एक सुंदर शब्द आहे. संकटाला हिब्रू शब्द ‘त्सार’, त्याचा मूळ अर्थ अरुंद, चिंचोळं. आणि दावीद म्हणतो त्या अरुंदात तू मला रुंद केलंस, जागा करून दिलीस. मराठीत हे किती सहज येतं बघा, आपण म्हणतोच ना कोंडी झाली, जीव कोंडला, आणि मग मोकळं वाटलं. हे मोकळं करणं झालेलं आहे आणि तरी तो पुन्हा ‘माझं ऐक’ म्हणतोय, म्हणजे जुन्या अनुभवावर उभा राहून नवी हाक मारतोय.

दुसऱ्या वचनात तो माणसांकडे वळतो. बहुतेक मोठी वजनदार माणसं असावीत, कारण इथे जो शब्द वापरलाय तो 49 व्या स्तोत्रात सामान्य माणसांच्या समोर ठेवून मोठ्यांसाठी वापरलाय. त्यांनी ह्याच्या अब्रूचे धिंडवडे काढलेत. मग ‘सेला’ येतं, स्तोत्रांत हा शब्द 71 वेळा आहे, बहुधा गाणाऱ्यांसाठी थांबायची वगैरे खूण, आणि मला इथे खरंच थांबायला आवडतं. कारण ह्या अपमानाला उत्तर म्हणून तिसरं वचन येतं. ‘परमेश्वराने मला वेगळं काढलंय’ हे तो आरशासमोर उभं राहून म्हणत नाहीये, लोक थुंकत असताना म्हणतोय. ही गोष्ट विसरली की ह्या वचनाचा गर्व होतो.

चौथं वचन, थरथरा पण पाप करू नका, आपल्या बिछान्यावर पडून मनाशी बोला आणि गप्प राहा. ग्रीकमध्ये हे ‘रागवा पण पाप करू नका’ असं झालं आणि पौलाने इफिसकरांच्या पत्रात ते तसंच घेतलं, पुढे जोडून की सूर्य मावळायच्या आत राग जाऊ द्या. रात्री अंथरुणात फोन घेऊन कुणालातरी लांबलचक मेसेज टाईप करत असतो ना आपण, त्या वेळेचं वचन आहे हे. त्या भावाला मीही एक मेसेज लिहिला होता रात्री दोन वाजता, पाठवला नाही. पाचवं वचन भरवसा ठेवा म्हणतं. सहाव्यात लोक म्हणतात आमचं भलं कोण करणार, आणि दावीद उत्तरात फक्त एवढंच मागतो की तुझ्या मुखाचा प्रकाश आमच्यावर पडू दे, जे शब्द उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब हात वर करून म्हणतात त्या अहरोनी आशीर्वादातून आलेत. सातव्यात म्हणतो, त्यांचं धान्य आणि द्राक्षारस भरपूर झाला तेव्हा त्यांना झाला नसेल एवढा आनंद माझ्या मनात तू घातलास. ज्याने सुगी बघितलीय, खळ्यावर रास पडल्यावर घरच्यांची तोंडं बघितलीत, त्यालाच कळेल हे किती मोठं बोलणं आहे. आणि लक्षात घ्या, सुगी त्यांचीच झालीय, ह्याची नाही.

मग आठवं. मी शांतपणे पडतो आणि झोपी जातो, कारण परमेश्वरा, तूच मला निर्धास्त ठेवतोस. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी नियम केले तेव्हा झोपण्याआधीच्या प्रार्थनेत रोज म्हणायच्या तीन स्तोत्रांत हे घातलं, ते ह्याच वचनामुळे असणार. पाचव्यातला ‘भरवसा ठेवा’ आणि आठव्यातलं ‘निर्धास्त’ हे हिब्रूत एकाच मुळातले शब्द आहेत. आणि आता पहिल्यापासून आठव्यापर्यंत परिस्थितीत काय बदललं ते शोधून बघा. शत्रू गेले असं नाही लिहिलेलं. अब्रू परत मिळाली असंही नाही. जे मागितलं ते आलं की नाही ह्याचा स्तोत्रात पत्ताच नाही, तरी माणूस झोपतोय. ऐकलं गेल्याची खूण त्याच्याकडे एवढीच आहे.

पप्पांना माती दिली त्या रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आई आतल्या खोलीत खाली गोधडीवर पडली होती, पाच-सहा दिवस ती नीट झोपलीच नव्हती. मला म्हणाली वाच रे काहीतरी. मला दुसरं काही सुचेना, मोबाईलवर तेच उघडलं, खरं सांगायचं तर तिसरं वचन वाचताना माझा आवाज फुटत नव्हता, तिने डोळे मिटूनच माझ्या हातावर हात ठेवला आणि ते वचन तिनेच म्हटलं, पाठ होतं तिला. मी पुढे वाचत गेलो. सातव्या वचनाला तिचा हात सैल पडला, श्वास एकसारखा लागला. बाहेर मावशी कुणालातरी चहा विचारत होती. आठवं वचन मी तरी वाचलं, हळू आवाजात, आणि लाईट बंद केला.